मराठीसाठी मेकॅनिकल कीबोर्ड जुळवताना आधी उजवी करंगळी बघा

इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत टंकताना ज, च, ट, ड, य आणि ‘डॉक्टर’मधला ॉ, सगळे उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. इंग्रजीत तिथे पी सोडला तर विरामचिन्हं आणि कंस असतात, म्हणून लहान कीबोर्डांवर ती बटणं सर्रास उडवतात. कॉर्न नावाच्या ४२ बटणांच्या कीबोर्डवर ड आणि ॉ यांना जागाच उरत नाही. ‘गाडी’ लिहायलाही लेयर, म्हणजे त्याच बटणांवरची दुसरी मांडणी, बदलावा लागतो. दिवसभर मराठी टंकणाऱ्याने पूर्ण कीबोर्डाच्या ६५ किंवा ७५ टक्के आकाराचा, एएनएसआय (आडव्या एंटरच्या, अमेरिकी) मांडणीचा बोर्ड घ्यावा.

नागपुरात बर्डीत घ्या किंवा ऑनलाइन, दोन गोष्टी विचारा: बटणांखालचे स्विच सोल्डरिंगशिवाय निघतात का, आणि व्हाया, म्हणजे कोणत्या बटणाने काय करायचं ते बदलणारं सॉफ्टवेअर, चालतं का. स्विच ज्यात बसतात ते सॉकेट ३ पिनचे असतील तर ५ पिनच्या स्विचचे प्लास्टिकचे दोन पाय नेलकटरने सपाट कापा. धातूच्या पिनांना हात लावू नका.

६५ टक्क्यांसाठी ४५ ग्रॅमचे (दाबायला तेवढा जोर लागणारे) ७० लिनिअर, म्हणजे अडथळ्याशिवाय सरळ खाली जाणारे, स्विच पुरतात. त्यातले ५ मात्र ३५ ग्रॅमचे घ्या आणि ज, ट, ड, ॉ, य खाली बसवा. च खाली ४५च ठेवा. करंगळी तिथेच टेकलेली असते, हलका स्विच असला की न मागता च उमटतो.

आधी स्टॅबिलायझर, म्हणजे लांब बटणं डुगडुगू न देणाऱ्या तारा, लावा: स्पेस, एंटर, बॅकस्पेस, डावी शिफ्ट. तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस भरपूर, स्विचच्या आतल्या कडांना क्रायटॉक्स २०५जी० हे ग्रीस अगदी पुसटसं. आपल्याकडे मे महिन्यात हे काम कूलरसमोर बसून करू नका. कूलरच्या ताट्यांचा भुसा आणि धूळ ग्रीसला चिकटते आणि बटण खरखरतं. स्विच बसवताना पिना सरळ आहेत ना ते बघा, मागून सॉकेटला बोट लावा आणि सरळ खाली दाबा. एखादं बटण चालत नसेल तर बहुतेक वेळा पिन दुमडलेली असते. तसंच जोर लावला तर सॉकेट बोर्डापासून उखडतो.

कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. क किंवा ळ विंडोज ठरवतं. त्यामुळे व्हायात मूळ लेयर क्वर्टीच (नेहमीची इंग्रजी मांडणी) ठेवा आणि विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये ‘मराठी’ कीबोर्ड (हाच इनस्क्रिप्ट) जोडा, ‘मराठी फोनेटिक’ नव्हे. विंडोज बटण आणि स्पेसने अदलाबदल होते. इंग्रजीसाठी कोलमॅक ही वेगळी मांडणी हवी असेल तर तो दुसऱ्या लेयरवर टाका आणि मराठीत येताना तो लेयर बंद करा. मूळ लेयरवरच कोलमॅक टाकलात तर इनस्क्रिप्टची अक्षरंही जागा बदलतात, आणि दोष विंडोजचा वाटतो.

आता शिफ्ट. ख, घ, ठ, ढ, ण, ळ, श, आ, ई, सगळ्यांना शिफ्ट लागते, म्हणून ती अंगठ्यावर आणणं हा या सगळ्यातला सर्वांत मोठा आराम. व्हायात स्पेसच्या उजवीकडचं ऑल्ट निवडा, ‘एनी’ घ्या आणि ओएसएम, कंसात एमओडी, अंडरस्कोर, एलएसएफटी असा कोड रोमनमध्ये कॅपिटलात लिहा. बटण एकदा टॅप केलं की फक्त पुढचं अक्षर शिफ्टचं येतं. स्पेसलाच दाबून धरल्यावर शिफ्ट करणारी मांडणीही करता येते, पण वेगात टंकताना शब्द चिकटतात.

तपासायला ‘वाऱ्यावर’ टंका: बी, ई, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई, बी, जे. ‘वार्यावर’ उमटलं तर शिफ्ट पोचलेली नाही, ओएसएमचा कोड पुन्हा बघा.