पिकअपच्या हौद्यात पत्रा मारण्याआधी

गुळाचे रवे, दुधाचे कॅन वाहणाऱ्या पिकअपला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात नेऊन हौद्यात चेकर्ड (उंचवट्यांच्या नक्षीचा) पत्रा बसवून घेणं चांगलंच, पण आधी वजनाचा हिशेब करा. ३ मिमी लोखंडी पत्रा चौरस मीटरला सुमारे २५ किलो भरतो. साडेचार चौरस मीटरच्या हौद्यात ११० किलो कायमचे बसले. तेवढा माल कमी भरायचा. ॲल्युमिनियम महाग पडतं, पण वजन साधारण एक तृतीयांश. आणि स्प्रिंगचा जादा पाटा टाकला म्हणून पासिंगची क्षमता वाढत नाही, आरसीवरचा आकडा तोच राहतो.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या जवळच धरायला सांगा. नाहीतर करंट भलत्या वाटेनं जाऊन ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. मिस्त्री घाईत असला तरी हे सोडू नका.

मूळ तळाची पाणी जाण्याची भोकं नव्या पत्र्यातही पाडून घ्या. गगनबावड्याकडच्या पावसात दोन पत्र्यांमध्ये पाणी साचलं, की खालचा पत्रा गुपचूप कुजतो. तळ घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारा, पूर्ण वाळू द्या, मगच पत्रा बसवा.