पँट फाटते ती उतरताना! ट्रेकपँट घेताना या चुका टाळा

गड उतरून गाडीची वाट बघत बसलेल्या ग्रुपकडे एकदा नीट बघा. ऊन चांगलं तापलेलं असतं, तरी एक-दोघांच्या कमरेला जर्किन बांधलेलं असतं आणि ते दोघे कुणाकडेही पाठ करून उभे राहत नाहीत. जुने ट्रेकर काही विचारत नाहीत. त्यांनीही कधी ना कधी असंच जर्किन बांधलेलं असतं.

मी बांधलं ते राजगडावरून गुंजवण्याकडे उतरताना. नोव्हेंबर होता. पावसाने वाहून आणलेली बारीक खडी सुकून वाटेवर पसरली होती. त्या घसाऱ्यावर पाय ठरेना म्हणून बसून सरकलो आणि ऑफिसमधून निवृत्त केलेली पँट शिवणीवर पुढून मागपर्यंत उसवली. चढताना तिने जराही कुरकुर केली नव्हती. तेव्हापासून पँट घेताना मी चढणीचा विचार करणंच सोडलं. चढायला काहीही चालतं. पँटची परीक्षा होते ती उतरताना, बसताना आणि भिजल्यावर.

जीन्स दणकट असते म्हणून

असते, पण कोरडी असेपर्यंत. सुती धागा मुळातच पाणी धरून ठेवणारा. वाळलेल्या कापडातसुद्धा हवेतला दमटपणा मुरलेला असतो. सुतात तो वजनाच्या साधारण 8.5 टक्के, नायलॉनमध्ये 4 टक्क्यांच्या आसपास, तर पॉलिएस्टरमध्ये जेमतेम 0.4 टक्के भरतो. आता तेच जाड सुती कापड जुलैमध्ये विसापूरच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात भिजवा. ओली जीन्स मांडीला चिकटते, गुडघा उचलला की कापड सोबत येत नाही, कंबर खाली ओढली जाते आणि परतीपर्यंत मांड्या आतून सोलवटून निघतात.

तरी सुताला सरसकट शिव्या घालू नयेत. एप्रिलच्या कोरड्या उन्हात, तास-दोन तासांच्या वाटेला, पातळ आणि सैल सुती पँट बरी वाटते. घाम शोषून घेते आणि तो वाळताना गारवा देते. पायथ्याच्या गावातले वाटाडे मामा सुती हाफ पँट आणि प्लास्टिकचे बूट घालून आपल्यापुढे निवांत चालत असतात, हेही खरंच. पण करवंदीची जाळी कुठल्या वळणावर अंगावर येते ते त्यांना पाठ असतं आणि भिजले तर त्यांचं घर पायथ्यालाच असतं. आपल्याला ओल्या कपड्यांत ठाण्याला नाहीतर पुण्याला पोहोचायचं असतं.

आरशासमोर उभं राहून पसंत करणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ट्रायल रूममध्ये आपण ताठ उभे राहतो, पोट आत घेतो, वळून मागची बाजू बघतो आणि पँट छान बसली म्हणतो. ट्रेकमध्ये यातलं काहीच आपण करत नाही. म्हणून तिथेच उकिडवे बसा. मांडी घाला. एक पाय स्टुलावर ठेवून त्याच पायावर जोर देत वर चढा, कारण हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर प्रत्येक पावलाला हेच करायचं आहे. गुडघ्यावर कापड ताणलं, मागून कंबर उघडी पडली किंवा मांडीत आवळलं तर ती पँट तिथेच ठेवा. बाहेर रांगेत उभे असलेले लोक दार वाजवतील, वाजवू द्या.

मग पँट उलटी करून आसन बघा. साध्या पँटमध्ये चार शिवणी येऊन एकाच बिंदूवर मिळतात आणि टांग टाकली की सगळा ताण त्याच जागी येतो. माझी उसवली ती इथूनच. चांगल्या ट्रेकपँटला तिथे शंकरपाळीच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असतो. त्याने ताण वाटला जातो आणि जाड शिवण मांड्या जिथे घासतात तिथून बाजूला सरकते. यात परदेशी शहाणपण काही नाही, सलवारीच्या आसनात असा तुकडा पूर्वीपासून असतो. गुडघ्यावर चुण्या किंवा जोड देऊन कापडाला आधीच बाक दिलेला असेल तर आणखी उत्तम.

कापड हातात घेऊन उजेडासमोर धरा. बारीक चौकड्या दिसल्या तर ते रिपस्टॉप. यात ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो, त्यामुळे काट्याने भोक पडलं तरी चीर पुढच्या चौकडीपाशी अडते. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटसाठी ही वीण वापरात आली. मात्र रिपस्टॉप घेतलं म्हणजे कातळावर खुशाल घसरा, असा अर्थ नाही. ही वीण चीर अडवते, घासणं अडवत नाही. घासणं सोसायचं तर धागा नायलॉनचा हवा आणि कापडाला थोडा जाडपणा हवा. पावसाळ्या-उन्हाळ्याला 120 ते 150 जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं तेवढे ग्रॅम वजन, पुरतं. नळीच्या वाटेसारख्या दगडधोंड्यांच्या वाटांना आणि थंडीला 200 च्या आसपासचं घ्या. लेबलवर 5 ते 10 टक्के इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, असला की ताण देण्याचं काम भागतं. त्याहून फार जास्त असलं तर पहिले काही ट्रेक मजेत जातात आणि मग गुडघ्यांवर फुगे येतात.

ढगळ हवी म्हणून एक साइज मोठी घेणं हीही चूकच. पायाशी लोंबणारं कापड कळसूबाईच्या शिड्यांवर बुटाच्या टोकात अडकतं, तेव्हा खाली बघायची इच्छा राहत नाही. लेगिंगचं उलटं. पायवाटेवर तिच्याइतकी सुखाची दुसरी वस्तू नाही, पण खडबडीत कातळाला एकदा घासली की भोक, शिवाय खिसे नाहीत. अनेक मैत्रिणींची तक्रार असते की कंबर बसते तिथे मांडी आवळते. अशा वेळी माप मांडीचं घ्या. कंबर कुठलाही शिंपी आत घेऊन देतो. मांडी वाढवून देणारा मला अजून भेटायचा आहे.

पावसाळ्याला वॉटरप्रूफ

इथे नवे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. जून उजाडला की रेनपँटची खरेदी सुरू होते आणि अंधारबनच्या जंगलात तासाभराने माणूस आतून उकडलेला निघतो. सह्याद्रीतला पाऊस बर्फाळ नसतो. चालताना अंग तापतं, हवा आधीच दमट असते आणि पाणी आत न येऊ देणारं स्वस्त कापड घामही बाहेर जाऊ देत नाही. पाऊस लागला नाही तरी भिजलातच. त्यात ओढ्यात गुडघाभर उतरायचं असतं. रेनपँटमध्ये खालून शिरलेलं पाणी मग बुटातच साठतं.

इथे भिजायचंच आहे हे मान्य करा आणि लवकर वाळणारी पातळ पँट घ्या. घरातली कुठली पँट चालेल हे बघायचं असेल तर तिचा एक पाय भिजवून, पिळून, पंख्याखाली टाका. तास-दीड तासाने हाताला दमट लागली तर चालेल. थंडगार आणि जड लागली तर ती पावसाळ्याची नाही. रेनपँट फेकू नका. पायथ्यापर्यंत बाइकवरून जाताना आणि हिमालयात तिचं काम आहे. आणि ‘वॉटर रिपेलंट’ म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. तो कापडावरचा लेप असतो, भुरभुर झेलतो, आपल्याकडच्या सरींपुढे त्याचा निभाव लागत नाही.

आंबोलीला किंवा कोयनेच्या जंगलात जाणार असाल तर पायाचं तोंड बघा. घोट्याशी इलॅस्टिक किंवा नाडी हवी, नाहीतर पँट सरळ मोज्यात खोचा. दिसायला बावळट दिसतं, पण जळवांना आपल्या फॅशनशी घेणं-देणं नसतं. तरीही एखादी चिकटलीच तर ओढू नका. तोंडाच्या बाजूने नख सरकवून सोडवा आणि जागा धुऊन दाबून धरा.

सॅकमध्ये, अगदी तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडी पायजमा-पँट. पावसाळ्यात एवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

ऑक्टोबरची होजियरी

पाऊस संपला, गवत सोनेरी झालं, फोटो सुंदर येतात आणि कुसळं पिकतात. ट्रॅकपँट बहुधा होजियरीची असते, म्हणजे फासे घालून विणलेली. तिच्या प्रत्येक फाशात एक कुसळ शिरतं, आरपार जातं आणि दर पावलाला टोचतं. परत आल्यावर तासभर बसून एकेक उपटा, तरी धुतल्यावर आतून चार निघतातच. मागावर विणलेल्या, घट्ट आणि गुळगुळीत कापडावर कुसळं त्या मानाने टिकत नाहीत, हात फिरवला की बरीचशी झडतात. पुढे हिवाळ्यात शेंगा वाळल्या की खाजकुयलीची भर पडते. तिची लव कापडावर बसली तर ती पँट हाताने झटकू नका आणि घरच्या धुण्यात टाकू नका, वेगळी धुवा. घरच्यांच्या अंगावर पुरळ उठलं की तुमचे पुढचे ट्रेक बंद होतील.

उन्हाळा आणि थंडी

उन्हाळ्यात हाफ पँट घालावीशी वाटते. मोकळ्या पठारावर ठीक, पण वाळलेल्या कारवीच्या काटक्या आणि घाणेरीचे काटे पोटऱ्यांवर जी नक्षी काढतात ती महिनाभर मिरवावी लागते. पातळ, फिक्या रंगाची फुल पँट घ्या. गडद रंग उन्हात तापतो, शिवाय आग्या मोहोळ असलेल्या कड्याखालून जाताना गडद कपडे आणि अत्तर दोन्ही नकोत. गुडघ्यावर चेन लावून हाफ करता येणाऱ्या पँटा मी दोन वापरल्या. उतरताना ती चेन नेमकी गुडघ्याच्या वाटीला घासते. ज्यांना जमतात त्यांनी वापराव्यात.

थंडीतली नेहमीची चूक म्हणजे थर्मल घालून चढायला सुरुवात करणं. पहाटे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईत कुडकुडत घातलेलं थर्मल अर्ध्या चढणीत घामाने भिजतं आणि रात्री वर कोकणकड्यावर वारा सुटल्यावर तेच ओलं थर्मल अंगावर असतं. चढताना एकच पँट, थर्मल कोरडं सॅकमध्ये. मुक्कामाला पोहोचलात, अंग निवलं, की मग घाला. आणि शेकोटीपासून हातभर लांब बसा. नायलॉन, पॉलिएस्टर वितळतं. एका ठिणगीने भोक पडतं ते पडतंच, वितळलेला थेंब कातडीलाही चिकटतो. शेकोटीशीच बसायचं असेल तर तेवढ्यापुरती सुती पायजमा-पँट बरी.

डिसेंबरमध्ये उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला निघालेली आपली मंडळी हीच पँट घेऊन जातात. ते शिखर साधारण 12,500 फुटांवर आहे आणि तिथे बर्फात चालायचं असतं. तिथे थर्मल, त्यावर जाडसर ट्रेकपँट, त्यावर पाणी आणि वारा अडवणारं कवच असे थर लागतात, बुटात बर्फ शिरू नये म्हणून घोट्याला गेटर, म्हणजे बुटावरून बांधायचे कापडी पट्टे, लागतात. भिजलं तर वाळेल, हा सह्याद्रीतला हिशेब तिथे चालत नाही.

वाटेत आणि घरी आल्यावर

पँट सारखी खाली घसरत असेल तर आधी खिसे रिकामे करा. मोबाइल, पॉवर बँक, सुटे पैसे आणि पाण्याचं वजन मिळून ती खाली ओढतात. बेल्ट चपटा, कापडी घ्या. धातूचं जाड बक्कल सॅकच्या कंबरपट्ट्याखाली येतं आणि दिवसभर हाडावर दाबत राहतं. मांड्या घासायला लागल्या की थांबा, व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा. पुढच्या पाण्यापाशी बघू म्हणालात तर पुढचे दोन दिवस फाकून चालाल. ज्यांना हा त्रास नेहमीचा आहे त्यांनी आतून सायकलवाल्यांसारखी घट्ट शॉर्ट घालावी, पण सुती नको.

आसन उसवलं तर सेफ्टी पिना आतल्या बाजूने, शिवणीला समांतर लावा. आडव्या लावल्या तर पहिल्याच मोठ्या पावलाला उघडतात आणि कुठे टोचतात ते सांगायला नको. चेनचा रनर अडकत असेल तर मेणबत्ती किंवा पेन्सिलचं शिसं घासा. रनर सरकतो पण दात जुळत नाहीत, असं असेल तर तो पकडीने दोन्ही बाजूंनी किंचित दाबा. किंचितच. माझा एक तुटलाय.

चिखल ओला असताना चोळू नका, वाळू द्या आणि ब्रशने झाडा. पँट उलटी करून, चेन लावून, साध्या पाण्यात धुवा. सुगंधी सॉफ्टनर अजिबात नको, तो धाग्यांवर बसतो आणि घाम शोषून बाहेर टाकण्याचं कापडाचं काम बिघडवतो. पूर्वी थेंब ओघळायचे आणि आता मुरतात, अशी तक्रार असेल तर नीट धुऊन वाळवा आणि वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा. लेबलवर इस्त्रीची मनाई नसेल तरच. बऱ्याचदा तो वॉटर रिपेलंट लेप उष्णतेने पुन्हा जागा होतो.

सिंथेटिक कापडावर रफू टिकत नाही, ठिगळच लावावं लागतं. तेही फाटण्याआधी लावलं तर बरं. मी नवी पँट घेतली की शिंप्याकडे नेतो आणि बुडाला व गुडघ्यांना आतून नायलॉनचा दुहेरी तुकडा लावून घेतो. पहिल्यांदा नेली तेव्हा त्याने कोरी करकरीत पँट उलटसुलट करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘साहेब, गड चढता की घसरगुंडी खेळता?’ दोन्ही, म्हटलं. त्याने डबल टीप मारून दिली.