सोलापूरहून फिगेरेसला : दालीचे संग्रहालय पाहण्यापूर्वी आणि पाहताना

स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचे संग्रहालय पाहायला निघणाऱ्या सोलापूरकराने पहिली तयारी घरातच करावी. कपाटातली जेकार्डची एखादी जुनी चादर काढून ती डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरावी, आणि मग ती गच्चीतल्या दोरीवर घालून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहावी. जवळून नुसत्या रंगीत चौकोनांच्या पायऱ्या दिसतात आणि दुरून त्यांचे फूल होते. हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, म्हणून त्याचे नवल वाटेनासे झाले आहे. पण दालीने ज्या काही चित्रांवर अपार मेहनत घेतली, ती समजून घेण्याची किल्ली याच अनुभवात आहे.

स्पेनच्या कातालोनिया प्रांतात, बार्सिलोनाच्या उत्तरेस सुमारे १४० किलोमीटरवर फिगेरेस हे गाव आहे. दालीचा जन्म ११ मे १९०४ रोजी याच गावात झाला आणि २३ जानेवारी १९८९ रोजी त्याचे निधनही येथेच झाले. गावचे जुने नाट्यगृह यादवी युद्धाच्या अखेरीस, १९३९ साली, आगीत भस्मसात झाले होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस नगराध्यक्षांनी दालीकडे गावासाठी एखादे चित्र मागितले, तेव्हा त्याने चित्राऐवजी अख्खे संग्रहालय देऊ केले आणि त्यासाठी हीच जळकी वास्तू निवडली. किशोरवयात त्याची चित्रे याच नाट्यगृहात मांडली गेली होती, आणि त्याचा बाप्तिस्मा झाला ते चर्च समोरच आहे. २८ सप्टेंबर १९७४ रोजी संग्रहालय खुले झाले. म्हणून येथे चित्रे पाहायला जायचे नसून एका चित्रकाराने रचलेल्या नाटकात शिरायचे आहे, हे आधीच मनाशी ठरवावे.

दालीच्या नावाबरोबर येणाऱ्या अतिवास्तववाद (सर्रिअ‍ॅलिझम) या शब्दाला बिचकण्याचे कारण नाही. फ्रेंच कवी आंद्रे ब्रतों याने १९२४ साली पॅरिसमध्ये या चळवळीचा जाहीरनामा काढला. स्वप्नात वस्तू जशा कार्यकारणाची पर्वा न करता एकमेकींत मिसळतात, तशा त्या कलेतही मिसळू द्याव्यात, असा तिचा आग्रह होता. एकाच आकारात दोन प्रतिमा दिसाव्यात, ही दालीने त्यात घातलेली खास भर होय. भिंतीवरच्या ओलीच्या डागात हत्ती पाहणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. मोठ्यांना मात्र थोडा सराव करावा लागतो.

एक गैरसमज येथेच दूर करतो, कारण त्यामुळे अनेकांची निराशा होते. वितळलेल्या घड्याळांचे ते जगप्रसिद्ध १९३१ चे चित्र फिगेरेसला नाही. ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्याच्या शोधात दालने पालथी घालू नयेत.

प्रवासाचे सोपस्कार थोडक्यात सांगतो. शेंगेन व्हिसासाठी (स्पेनसह युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः हजर राहावे लागते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचण्याची आपली जुनी सवय यासाठीही उपयोगी पडते. मुंबईहून एक विमान बदलून बार्सिलोना गाठता येते. बार्सिलोनाच्या सान्त्स स्थानकावरून अतिवेगवान गाडी तासाभरात फिगेरेस-विलाफान्त येथे पोहोचते, तर साधी गाडी सुमारे दोन तासांत गावाजवळच्या जुन्या फिगेरेस स्थानकात सोडते. ही दोन स्थानके वेगळी आहेत, हे परतीच्या तिकिटावर नीट वाचावे. मुलांच्या सुट्टीमुळे आपल्याला मे महिना सोयीचा असतो आणि तिकडेही तो चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार असते. प्रवेशाचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, म्हणून ते संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढावे. वर्षातील काही महिने सोमवारी संग्रहालय बंद असते, तेही तेव्हाच तपासावे.

मी पहिल्यांदा गेलो तो एका सहल कंपनीबरोबर, आणि आम्हाला आत जेमतेम दीड तास मिळाला. त्या दीड तासात मी सगळे पाहिले आणि काहीही पाहिले नाही. दुसऱ्या खेपेला एकटा गेलो, सकाळच्या पहिल्या वेळेचे तिकीट काढले आणि दुपार उलटेपर्यंत आत राहिलो. म्हणून अर्धा दिवस तरी राखून ठेवावाच, असे मी आग्रहाने सांगतो.

आत जाण्याआधी इमारतीला एक फेरी घालावी. तोरे गालातेआ या तांबड्या मनोऱ्याच्या भिंतींवर पावाचे शेकडो आकार बसवलेले आहेत आणि माथ्यावर प्रचंड अंडी उभी आहेत. पाव हा दालीचा आयुष्यभराचा विषय होता. आतमध्ये १९४५ सालचे, टोपलीतल्या पावाचे एक लहानसे चित्र आहे. त्यात चमत्कृती काहीच नाही, केवळ काळ्या पार्श्वभूमीवर एक तुकडा आणि त्यावर पडलेला प्रकाश आहे. ज्यांच्या घरात भाकरीची टोपली असते त्यांनी या चित्रापुढे पाच मिनिटे उभे राहावे. विक्षिप्तपणाच्या कथांमागे किती शिस्तीचा हात होता, हे मला त्या चित्राने पटवले.

प्रवेशानंतर प्रथम उघडे अंगण लागते. मूळ नाट्यगृहात जेथे प्रेक्षक बसत, ती ही जागा. मध्यभागी एक काळी कॅडिलॅक मोटार उभी आहे; यंत्रात नाणे टाकले की पाऊस मोटारीच्या बाहेर न पडता आत पडतो. खिशात सुटी नाणी ठेवावीत. १९३८ साली पॅरिसच्या अतिवास्तववादी प्रदर्शनात दालीने ही कल्पना प्रथम मांडली होती.

अंगणापुढे काचेच्या घुमटाखाली रंगमंच आहे, आणि चादरीचा धडा येथे कामी येतो. दालीची पत्नी गाला आपल्याकडे पाठ करून समुद्राकडे पाहत उभी आहे, असे १९७५ चे एक भव्य चित्र येथे आहे. जवळून ती खिडकीतली पाठमोरी स्त्री आणि भोवती रंगीत चौकोन दिसतात. अंगणाच्या बाजूला मागे सरकत गेले, डोळे किलकिले केले किंवा मोबाइलच्या पडद्यावर पाहिले, की तेच चौकोन अब्राहम लिंकनचा चेहरा होतात. खुद्द चित्राच्या नावातच अठरा मीटरचे अंतर सांगितलेले आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लिऑन हार्मन याने काही चौकोनांत बसवलेल्या लिंकनच्या प्रतिमेवरून दालीला हे सुचले. आपल्याकडे चादरीचे डिझाइन काढणारा कारागीर आलेखाच्या कागदावर एकेक घर रंगवतो आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडली जातात. मागाजवळ वाढलेल्या माणसाला या चित्रापुढे परके वाटण्याचे कारण नाही.

त्यानंतर मे वेस्ट या अभिनेत्रीच्या चेहऱ्याचे दालन पाहावे. ओठ म्हणजे कोच, नाक म्हणजे शेकोटी आणि डोळे म्हणजे भिंतीवरची दोन चित्रे. खोलीत उभे असताना ते केवळ सामान असते. छोटा जिना चढून भिंगातून पाहिल्यावर चेहरा जुळतो. जिन्यापाशी रांग लागते, म्हणून येथे लवकर यावे. वरच्या मजल्यावरील छताच्या चित्रात दाली आणि गाला यांच्या पायांचे प्रचंड तळवे आपल्या डोक्यावर येतात. ते पाहताना मान दुखते, तेव्हा ज्येष्ठांनी बसायला जागा मिळाली तर बसूनच पाहावे.

मुलांना अवश्य न्यावे. मात्र अनेक कलाकृतींत नग्न देह आहेत, आणि त्याविषयी आईवडिलांनी आधीच सरळ शब्दांत बोलून ठेवले तर दालनात ओढून दूर नेण्याची वेळ येत नाही. ठरावीक क्रमाने फिरण्याचे बंधन नाही. वाट चुकली तर चुकू द्यावी. मोठ्या पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात आणि छायाचित्रे फ्लॅशविना काढावीत. रंगमंचाखालच्या तळघरात दालीची समाधी आहे. तेथे आवाज खाली ठेवावा. शेजारच्या इमारतीतील दागिन्यांचे दालन बरेच जण विसरतात. तेथे माणकांचे एक हृदय आहे, आणि ते खरोखर धडधडते.

खाण्याचे फारसे अडत नाही. टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेल्या वांगी-मिरच्यांची एस्कालिवादा शाकाहारी माणसाला पुरते, आणि त्यावर आपली शेंगा चटणी उत्तम लागते. कडक भाकरी आणि चटणी बरोबर न्यावी, पण पेढे आणि तूप नेऊ नये; दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेण्यास प्रवाशांना मनाई आहे.

एक दिवस अधिक असेल तर समुद्रकाठच्या कादाकेस गावाजवळचे पोर्तयिगात येथील दालीचे घर पाहावे. कोळ्यांच्या झोपड्या १९३० पासून एकेक करून विकत घेऊन त्याने ते वाढवले. लहान गटांनीच आत सोडतात, म्हणून आगाऊ तिकिटाशिवाय निघू नये. घर पाहून झाल्यावर केप दे क्रेउस या भूशिरावरचे वाऱ्याने झिजलेले खडक पाहावेत. चित्रांतले ते विचित्र, लोंबणारे आकार तेथे दगडात दिसतात. फिगेरेसहून कादाकेसला बस जाते, पण तिच्या फेऱ्या थोड्या असतात, त्यामुळे परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्याच थांब्यावर पाहून ठेवावी.