मोनोग्राम आधी उलटा करून पाहा

हिंगणघाटकडच्या खेड्यांत जुन्या जिनिंगवाल्यांच्या वाड्यात अजून एखादी अँबेसेडर, फियाट चिंचेखाली उभी दिसते. गाडी कबाड्याकडे निघाली की मी मोनोग्राम मागून घेतो. गॅरेजात आम्ही गाडीवरच्या नावाच्या बॅजला मोनोग्रामच म्हणतो.

हातात आला की आधी पाठ पाहा. समोरून कोणीही चमकवून देतं. अस्सल ओतीव मोनोग्रामची पाठ करडी असते, खुंट्या अंगच्याच असतात. नकलेत अक्षरांच्या कडा बोथट. अस्सलावरूनच साचा काढला असेल, तर धातू थंड होताना आकसतो आणि नक्कल केसभर लहान भरते. म्हणून खुंट्यांमधलं अंतर बोनेटच्या भोकांशी जुळवा.

मग साल. अँबेसेडरची मार्क-थ्री 1975 मध्ये आली, मार्क-फोर 1979 मध्ये. फियाटची ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली 1974 मध्ये. ऐंशीच्या पद्मिनीवर ‘फियाट’ दिसलं तर तो मोनोग्राम नंतर कोणी हौसेने लावलाय. त्याचा भाव सुट्या तुकड्याचाच धरा.

काढताना समोरून पेचकस घालू नका. जस्ताचा ओतीव तुकडा वाकत नाही, तुटतो. बोनेट उघडून खुंट्यांवरच्या चकत्यांना रात्रभर तेल पाजा. तरी नाही सुटली, तर चकती कापा. ती दोन रुपयांची, खुंटी परत मिळत नाही.

आता माझी चूक. एक मार्क-टूचा मोनोग्राम मी बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरला. दोन मिनिटांत क्रोम गेलं, निकल गेलं, खालचं तांबं लाल दिसायला लागलं. नागपूरच्या गिऱ्हाइकाने हातात घेतला, काही न बोलता खाली ठेवला. चिंच-लिंबूही नको. क्रोमच्या बारीक भोकांतून आंबट आत शिरतं आणि फोड येतात. मऊ ब्रश, कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, लगेच कोरडं. एवढंच.

ठेवताना पेपरात गुंडाळू नका, तो ओल धरतो. रबर तर नकोच, त्यातल्या गंधकाने पितळ काळं पडतं. सुती कापड, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि कूलरच्या खोलीपासून लांब. आपल्याकडे उन्हाळ्यातही ओल असते ती कूलरचीच.

सोबत चिठ्ठी हवीच: गाडी कोणती, मॉडेल कोणतं, कुठून काढला, काढण्याआधीचा फोटो. घेणारा त्याचेही पैसे देतो.

मागच्या महिन्यात एका मोनोग्रामचा कोपरा उडालेला निघाला, अक्षरांच्या खाचेत जुनं कुंकू. घरच्या काकू म्हणाल्या, “दसऱ्याले नारळ फोडताना लागला बापा, यायच्या हातून.” कुंकू काढलं नाही. चिठ्ठीवर नारळही लिहिला.