पँडोराची कथा मुळातून कशी वाचावी

माणसाच्या वाट्याला दुःख का आले, या प्रश्नाला प्राचीन ग्रीकांनी दिलेले उत्तर म्हणून पँडोराची कथा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते: पँडोरा या पहिल्या स्त्रीने पेटी उघडली आणि तिच्यातली सारी दुःखे जगात पसरली. पण ती लहानपणी ऐकलेल्या सोप्या रूपातच मनात राहते, आणि त्या रूपात तिच्यातले बरेच काही गळून गेलेले असते. म्हणून ऐकीव कथा बाजूला ठेवून, इ. स. पू. ७०० च्या सुमारास होऊन गेलेल्या हेसिअड या कवीपासून सुरुवात करावी. त्याच्या ‘थिओगनी’ या देवांच्या वंशावळीत पहिली स्त्री येते, पण तिथे तिला नाव नाही आणि तिच्याजवळ भांडेही नाही. या दोन्ही गोष्टी ‘कामे आणि दिवस’ या काव्यातील ४२ ते १०५ या ओळींत सापडतात. दोन्ही उतारे एका बैठकीत वाचून होतात आणि ते शेजारी ठेवूनच वाचावेत.

वाचताना ‘लपवणे’ या क्रियेवर बोट ठेवून पुढे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. देवांनी माणसांची उपजीविका लपवून ठेवली आहे, असे म्हणूनच कवी सुरुवात करतो. मेकोनी या ठिकाणी देव आणि माणसे यांच्यात बैलाचे वाटे घालताना माणसांचा कैवारी प्रॉमिथ्यूस याने चांगले मांस कोथळ्यात दडवले आणि नुसती हाडे चकचकीत चरबीखाली झाकून देवांचा राजा झ्यूस याच्यापुढे ठेवली. चिडलेल्या झ्यूसने अग्नी लपवला आणि प्रॉमिथ्यूसने तो एका झाडाच्या पोकळ दांड्यातून चोरून आणला. त्याची भरपाई म्हणून पँडोरा घडवली गेली. कारागीर देव हेफिस्टसने माती आणि पाणी कालवून तिचा देह केला, अथीना देवीने तिला सजवले, ऋतुदेवतांनी वसंतातली फुले माळली आणि देवांचा दूत हर्मीसने आत लबाडी व गोड बोलणे भरले. बाहेर एक आणि आत दुसरे, ही हाडांच्या वाट्याचीच चाल झ्यूसने उलटवली आहे, हे लक्षात आले की कथेचे सारे सांधे जुळतात. स्त्रीविषयीची कवीची कडवट दृष्टीही इथे उघड दिसते. ती सौम्य करून वाचू नये.

आता ‘पेटी’ हा शब्द मनातून काढून टाकावा. मूळ शब्द ‘पिथॉस’ आहे आणि त्याला आपल्याकडे रांजण हा अगदी चपखल शब्द आहे: धान्य, तेल किंवा मद्य साठवण्याचे, पुष्कळदा अर्धे जमिनीत पुरलेले मोठे मातीचे भांडे. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने लॅटिनमध्ये त्याऐवजी डबीचा शब्द वापरला आणि तोच रूढ झाला. हातात मावणारी डबी कुतूहलाने उघडली जाते. रांजण मात्र घराच्या साठवणीचा असतो. पँडोराला तो उघडण्याची मनाई होती असे हेसिअड कुठेही म्हणत नाही, तिच्या कुतूहलाचाही तो उल्लेख करत नाही. झ्यूसकडून भेट घेऊ नकोस, अशी ताकीद होती ती, ज्याच्याकडे पँडोरा भेट म्हणून पाठवली गेली त्या एपिमीथ्यूसला, त्याचा भाऊ प्रॉमिथ्यूस याने दिलेली. आणि तो ती विसरला.

पँडोराने झाकण काढले, आतली दुःखे बाहेर पसरली आणि झाकण पुन्हा बसले तेव्हा रांजणाच्या काठाखाली ‘एल्पिस’ तेवढी आत उरली. इथे मात्र घाई करू नये. आपण तिला आशा म्हणतो, पण या शब्दात बऱ्यावाईट दोन्हींची अपेक्षा येते. शिवाय रांजण दुःखांचा असेल तर आशा त्यात कशी, आणि आत राहिली म्हणजे ती माणसाजवळ राहिली की त्याच्यापासून कोंडली गेली? बाब्रिअस या नंतरच्या काळातील ग्रीक कथाकाराच्या नीतिकथेत तर रांजणात सगळी सुखेच होती आणि झाकण निघताच ती देवांकडे उडून गेली. दोन्ही अर्थ पडताळून पाहावेत. कवीने निवाडा दिलेला नाही, तेव्हा आपणही तो लादू नये.

शेवटच्या काही ओळी मोठ्याने वाचाव्यात. रोग दिवसा आणि रात्री आपापले फिरत येतात, पण आवाज न करता, कारण झ्यूसने त्यांची वाणी काढून घेतली आहे.