न्यूरोसायन्समध्ये यायचंय? आधी ट्यूब कुठली ते बघा

एमएस्सी झालेली पोरंपोरी हल्ली सारखी विचारतात, ताई, अल्झायमरवर औषध शोधायचंय, कुठला कोर्स करू? कोर्सचं नंतर बघू. मी चार वर्षं ज्या लॅबमध्ये आहे तिचं निम्मं काम एका हॉस्पिटलच्या मेमरी ओपीडीशी, म्हणजे विसरभोळेपणाचे पेशंट तपासतात त्या विभागाशी, जोडलेलंय, आणि खरं सांगायचं तर माझा मायक्रोस्कोपपेक्षा जास्त वेळ फोनवर आणि ओपीडीच्या बाकड्यावर गेलाय.

पहिल्याच वर्षाचा किस्सा. आम्ही सीएसएफमध्ये, म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्यात, अमायलॉइड बीटा ४२ मोजत होतो. अल्झायमरमध्ये हे प्रोटीन मेंदूत साचतं म्हणून या पाण्यात कमी सापडतं. पण आमचे आकडे सगळ्यांचेच कमी यायला लागले, गुडघ्याच्या ऑपरेशनला स्पायनल, म्हणजे कमरेत सुई देऊन भूल, देताना ज्यांचं सॅम्पल घेतलं होतं, ज्यांची स्मरणशक्ती ठणठणीत होती, त्यांचेसुद्धा. मी आठवडाभर स्वतःच्या पिपेटिंगला (थेंब मोजून घालण्याला) शिव्या घातल्या, किट बदललं, स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे मोजणीचा तुलनेचा आलेख, परत काढला, काही नाही. शेवटी वैतागून सॅम्पल घेतात त्या खोलीतच जाऊन उभी राहिले तर रेसिडेंट डॉक्टर आरामात पॉलिस्टायरीनच्या ट्यूबमध्ये पाणी घेतोय! हे प्रोटीन चिकट, ते असल्या प्लास्टिकच्या भिंतीला जाऊन बसतं आणि मोजताना हाती लागतच नाही, त्याला पॉलिप्रोपिलीनची लो-बाइंडिंग, म्हणजे प्रोटीन कमी चिकटणारी, ट्यूब लागते. दोन्ही हातात घेतल्या तर एक काचेसारखी लख्ख, दुसरी जराशी दुधाळ, एवढाच काय तो फरक. त्या बिचाऱ्याची चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आम्ही धरून चाललो होतो की माहीत असेल. पाच महिन्यांची सॅम्पल्स बाद. त्यातल्या प्रत्येकाच्या पाठीत सुई गेली होती हे आठवलं की अजून पोटात कसंतरी होतं.

आणि ती सुई टोचून घ्यायला कोणी हौसेने तयार होत नाही. आमच्या संमतीपत्रात चक्क 'मस्तिष्कमेरुद्रव' लिहिलं होतं, कोणाला कळणार? लोक म्हणतात मणक्यातलं पाणी, आणि ते काढलं की पाय जातात अशी पक्की समजूत. एक आजी आल्या होत्या, मुलगा सहीच करेना. मी विचारलं, वहिनींचं सिझर झालं तेव्हा कमरेत इंजेक्शन दिलं होतं ना? हो म्हणाला. साधारण त्याच जागी सुई, म्हटलं, फक्त औषध आत घालायच्या ऐवजी थोडं पाणी बाहेर. नंतर डोकं दुखू शकतं हेही सांगितलं, लपवायचं नाही. दहा मिनिटं विचार करून त्याने सही केली. ही गोष्ट कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

औषध कसं बनतं ते बघायचं असेल तर लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाचा प्रवास नीट वाचा. स्वीडनमधल्या एका कुटुंबात पिढ्यानपिढ्या अल्झायमर, उप्साला विद्यापीठातल्या लार्स लानफेल्ट यांच्या टीमला त्यांच्यात एक म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, सापडलं, आर्क्टिक नावाचं, पेपर २००१ चा. त्यामुळे अमायलॉइडचे मधल्या टप्प्यातले गुच्छ, प्रोटोफिब्रिल्स, भराभर तयार होतात असं दिसलं, मग त्या गुच्छांना पकडणारी अँटीबॉडी, बायोआर्क्टिक ही स्वीडिश कंपनी, मग जपानची एसाई, मग १,७९५ जणांची ट्रायल आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता. बावीस वर्षं! आणि फळ काय, तर १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकायला भारी वाटतं, पण स्मरणशक्ती आणि रोजची कामं जोखणाऱ्या १८ गुणांच्या स्केलवर तो फरक ०.४५ गुणांचा आहे, घरच्यांना तो जाणवेल का यावर डॉक्टरांचीच भांडणं आहेत. शिवाय काहींच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो, त्यामुळे सारखा एमआरआय, म्हणजे टीममध्ये रेडिओलॉजिस्टही आला. माझं मत विचाराल तर औषध मोठं नाही, वाट सापडली हे मोठं. टक्के आणि गुण यातला फरक समजण्यापुरतं स्टॅटिस्टिक्स मात्र शिकाच, आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर वापरता आलं तर सोन्याहून पिवळं.

बाकी नेहमीचंच. सीएसआयआर-नेट किंवा गेट द्या, जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० अधिक एचआरए (घरभाडं भत्ता). मानेसरचं एनबीआरसी, बंगळूरचं निम्हान्स, एनसीबीएस, इनस्टेम या संशोधन संस्थांच्या वेबसाइट बघत राहा. इंटरव्ह्यूला मात्र एक प्रश्न उलटा तुम्ही विचारा, सॅम्पल कुठून येतात आणि ती आणायला कोण जातं? पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुखाला, याचं उत्तर पटकन देता आलं नाही तर जरा जपून.

आता ओपीडीत मी स्वतः ट्यूबा नेऊन देते, हिरव्या झाकणाच्या, पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरात 'फक्त याच'. तरी रेसिडेंट बदलत राहतात. गेल्या सोमवारी नवीन बॅच आली, त्यातल्या एकाने पाकीट बघून विचारलं, मॅडम, कुठल्याही ट्यूबमध्ये घेतलं तर काय फरक पडतो? बसले मग त्याला घेऊन, चहा मागवला.