दुकानात कार्ड नाकारलं जाऊ नये म्हणून

"हे कार्ड चालणार नाही," असं दुकानदार म्हणाला, तर दरवेळी दोष कार्डाचा किंवा मशीनचा नसतो. कार्डाने पैसे दिले की दुकानदाराच्या हाती बिलापेक्षा थोडी कमी रक्कम पडते. त्या कपातीतला मोठा वाटा सहसा कार्ड देणाऱ्या बँकेचा, उरलेला नेटवर्कचा (म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कंपनीचा) आणि दुकानाचे व्यवहार सांभाळणाऱ्या बँकेचा. भरघोस रिवॉर्ड पॉइंट देणाऱ्या कार्डांवर ही कपात बहुधा जास्त असते. म्हणजे आपल्या पॉइंटांचा बराचसा भार दुकानदारच उचलतो! तुटपुंज्या नफ्यावर धंदा करणाऱ्याने नकार दिला तर त्याच्यावर चिडू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुकानांच्या बड्या साखळ्याही हेच करतात. २०१६ मध्ये वॉलमार्टने कॅनडातल्या थंडर बे इथल्या दुकानांत शुल्काच्या वादावरून व्हिसा कार्ड घेणं बंद केलं होतं. २०१७ च्या जानेवारीत तडजोड झाली.

म्हणून दोन कार्डं जवळ ठेवायची असतील तर ती वेगवेगळ्या नेटवर्कची घ्या, एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड, अशी. बँका दोन पण नेटवर्क एकच असेल, तर दोन्ही कार्डं एकदमच नाकारली जाऊ शकतात. डेबिट कार्डावरचं शुल्क सहसा कमी असतं, त्यामुळे क्रेडिट कार्ड नको म्हणणारा दुकानदारही ते अनेकदा घेतो. मोठी खरेदी असेल तर सामान काढायला लावण्याआधीच विचारा. "कार्डाने दिल्यास जादा आकार लागेल," असं उत्तर आलं, तर तो आकार आणि मिळणाऱ्या पॉइंटांची किंमत ताडून पाहा. बहुतेक वेळा आकारच जास्त भरतो.